मैदानावरचं इंग्रजी, पुस्तकातलं इंग्रजी

नाशिकहून टोरांटोला गेलेली नऊ वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. पहिले काही महिने वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. दीड-दोन वर्षांत मात्र ती मैत्रिणींशी इंग्रजीत कडाकडा भांडते, आईचे उच्चारही सुधारते. घरचे निर्धास्त होतात, शाळा तिचा इंग्रजीचा जादा तास बंद करते. आणि मग विज्ञानाच्या पेपरात ती मागे पडू लागते. ‘बोलते तर फाडफाड, अभ्यासातच लक्ष नाही हिचं,’ असं म्हणून सगळे मोकळे होतात.

तिच्यावर हा सरळसरळ अन्याय आहे. शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेच्या अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. पुढे १९८१ मध्ये टोरांटोतल्याच स्थलांतरित मुलांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवलं, की गप्पांपुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. गप्पांमध्ये चेहरा, हातवारे, समोरची वस्तू हे सगळं अर्थ लावायला मदत करतं. पुस्तकाच्या पानावर शब्दांशिवाय दुसरा आधार नसतो. शिवाय वर्गातली बाकीची मुलं कुठे थांबलेली असतात? त्यांचंही इंग्रजी दरवर्षी वाढतच असतं.

गणिताच्या तासाला हे फार स्पष्ट दिसतं. ‘१२ आणि ७ यांचा डिफरन्स काय?’ शिक्षकांना उत्तर हवं ५. मूल लिहितं, ‘एक सम आहे, एक विषम.’ त्याला ‘डिफरन्स’ म्हणजे वेगळेपणा एवढंच माहीत आहे आणि त्या अर्थाने त्याचं उत्तर बरोबर आहे! ‘टेबल’ म्हणजे जेवायचं टेबल, पाढा आणि कोष्टकसुद्धा. त्यात मराठी मुलाची एक खास अडचण असते. ‘एकोणतीस’ हा शब्द तिसाच्या एक अलीकडे उभा राहतो, तर ‘ट्वेंटी नाइन’ विसापासून पुढे मोजतो. मनातल्या मनात ही अदलाबदल होईपर्यंत शिक्षक पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. गणित त्या मुलाला येतं, फक्त ते मराठीत येतं.

म्हणून थांबणं महत्त्वाचं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट पाहतात असं आढळलं. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्या मुलासाठी ते जादा दोन सेकंद किती मोलाचे! त्याच्या जोडीला धड्यातले अवघड शब्द आधीच फळ्यावर चित्रासह लिहिले, ‘मला वाटतं, कारण...’ अशी वाक्याची सुरुवात हाताशी दिली, तर त्याचा फायदा वर्गातल्या इतर मुलांनाही होतो.

हे लाड नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी भाषक मुलांना इंग्रजीसाठी काहीच जादा मदत मिळत नव्हती. ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या त्यांच्या खटल्यात १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने एकमताने निकाल दिला. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, कारण ज्याला इंग्रजी कळत नाही त्याला त्या वर्गात काही अर्थपूर्ण शिकताच येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

परदेशातल्या पालकांना एक कळकळीची विनंती. ‘इंग्रजी सुधारायचं असेल तर घरी मराठी बंद करा,’ असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. कल्पना एकदा एका भाषेत पक्की झाली, की दुसऱ्या भाषेत ती नव्याने शिकावी लागत नाही. शाळेत ‘इव्हॅपोरेशन’ येणार असेल, तर आदल्या रविवारी हीटरजवळ वाळत टाकलेल्या ओल्या मोज्यांतलं पाणी कुठे गेलं, यावर घरी मराठीत भरपूर बोला. सोमवारी मुलीला नवा शिकायला तेवढा तो एक शब्द उरेल.