विदर्भातलं पर्यटन : ठिकाण एक, खाती अनेक

लोणारचं सरोवर एकच आहे, पण कागदोपत्री त्याचे वाटेकरी बरेच. विवर आणि आतलं जंगल २००० साली अभयारण्य झालं, म्हणून ते वनविभागाच्या ताब्यात. दैत्यसूदन मंदिर आणि काठावरची प्राचीन मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. गावाचं सांडपाणी नगरपरिषदेचं, रस्ता बांधकाम खात्याचा, मुक्कामाची सोय पर्यटन विकास महामंडळाची. कमळजा देवीच्या नवरात्राच्या गर्दीचा बंदोबस्त पोलीस आणि महसूलवाल्यांनी पाहायचा. सांडपाणी सरोवरात उतरत राहिलं, काठाला वेडी बाभूळ माजली, आणि या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायला अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला जनहित याचिकेत लक्ष घालावं लागलं. २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातमी झाली. त्याच वर्षी सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं आणि आणखी एक जबाबदारी वाढली.

असं का होतं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

देशात पर्यटनाचा सरकारी विचार सुरू झाला तो १९४५ साली, सर जॉन सार्जंट यांच्या समितीपासून. १९४९मध्ये परिवहन मंत्रालयात एक छोटी शाखा निघाली, १९५८ साली स्वतंत्र विभाग झाला, १९६६मध्ये भारत पर्यटन विकास महामंडळ आलं आणि पुढच्याच वर्षी पर्यटनाची मोट नागरी विमान वाहतुकीशी बांधली गेली. परदेशी पाहुणा विमानाने येईल, हॉटेलात उतरेल, डॉलर देईल, असा त्यामागचा हिशेब होता. त्या हिशेबात ताडोब्याच्या गेटाशी असलेलं मोहर्ली गाव किंवा मेळघाटातलं चिखलदरा कुठे बसणार? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही ‘पर्यटन’ अशी वेगळी नोंद नाही. जमीन, जंगल, रस्ते, जुनी मंदिरं यांच्या नोंदी मात्र आहेत, आणि त्यांची खातीही. त्यामुळे पर्यटन विभागाकडे योजना आणि जाहिरात असते, पण पर्यटक जिथे पाय ठेवतो ती जमीन बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात असते.

विदर्भात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५६मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. मेळघाट तर देशातल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ अरण्यांत १९७३-७४मध्येच गेलं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं ते १९७५ साली. म्हणजे पर्यटन खातं इथे पोचलं तेव्हा वनखात्याचं बस्तान कधीचंच बसलेलं होतं. आजही ताडोब्याचं गेट, जिप्सी, गाईड, सफारीचा परवाना हे सगळं वनविभाग बघतो. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पर्यटन खातं म्हणजे व्यवहारात वनखातंच, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. ज्या खात्याचं मूळ काम वाघ सांभाळणं आहे, त्याच्याकडून गावाच्या रोजगाराचीही सगळी अपेक्षा करणं मला त्या खात्यावरही अन्यायाचं वाटतं.

खरं वळण आलं २०१२ साली. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या अगदी आतल्या, गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभ्याचा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा पर्यटनाला, आत नवी बांधकामं नाहीत, भर गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्यावर, अशी ती तत्त्वं. त्याचा परिणाम ताडोब्याच्या भोवती दिसला. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर ही नावं पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. आता पुण्या-मुंबईचे लोक बफरची गेटं म्हणून त्यांचं बुकिंग करतात. गावातली मुलं-मुली गाईड झाली. २०१५च्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेने बफरमधल्या गावांना गॅस, सौर कुंपण, शौचालयं अशा कामांसाठी निधीची वाट काढून दिली.

२०१२च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांत एक तरतूद आहे, जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी स्थानिक सल्लागार समिती, विभागीय आयुक्त अध्यक्ष, सोबत जिल्हाधिकारी, क्षेत्र संचालक, पर्यटन आणि आदिवासी विभागांचे अधिकारी, पंचायतीचे प्रतिनिधी. खात्यांच्या समन्वयाची इतकी स्पष्ट रचना व्याघ्र प्रकल्पांबाहेरच्या पर्यटनस्थळांना क्वचितच मिळते. लोणारला किंवा गडचिरोलीतल्या प्राचीन मंदिरांच्या मार्कंडादेवला अशी कायमची समिती सुरुवातीपासून असती तर बरीच वर्षं वाचली असती.

खाती एकत्र आली की काय होतं, याचं चांगलं उदाहरण पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. नागपूर-जबलपूर महामार्ग चौपदरी करताना रस्तेवाले आणि वनवाले यांचा वाद न्यायालयात गेला. त्यातून मनसर ते खवासा पट्ट्यात वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी नऊ मार्ग बांधले गेले. वाघ, बिबटे, रानकुत्री तिथून ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपली गेली आहेत, आणि ट्रकही वर धावतात. हेही न्यायालयाचा दट्ट्या होता म्हणून झालं, ही गोष्ट विसरता येत नाही. चिखलदऱ्यात नियोजन सिडकोकडे, म्हणजे राज्याच्या शहर नियोजन महामंडळाकडे, आणि भोवतीचं जंगल मेळघाटचं. तिथल्या स्कायवॉकचं काम वन्यजीवविषयक परवानग्यांमध्ये रेंगाळलं.

लहान ठिकाणांचा मार्ग निराळा. ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. ‘ब’ वर्ग ग्रामीण तीर्थक्षेत्र मात्र ग्रामविकास विभागाकडे. एकाच गावात टेकडीवर देऊळ आणि खाली तलाव असला तर दोन फायली दोन दिशांना जातात. सरपंचाने कोणत्या मागे धावायचं?

आणि एक प्रश्न अजून कोणत्याच खात्याच्या फायलीत नीट मावत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला जातो. पाणवठे आटल्याने वाघ हमखास दिसतो म्हणून सफारीची गर्दीही नेमकी तेव्हाच. जिप्सी पहाटे गेटवर रांगेत असतात आणि त्याच वेळी बफरमधल्या बाया टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या असतात. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात गेलेल्यांमध्ये अशा बाया बऱ्याच आहेत. नुकसानभरपाई वनविभाग देतो, वनहक्क आदिवासी विभाग बघतो, उन्हाळी पर्यटनाची जाहिरात पर्यटन विभाग करतो. वाघ जंगलाच्या कुठल्या कक्षात (भागात) फिरतोय हे जिप्सीवाल्याला आणि गाईडला सकाळी सातपर्यंत कळलेलं असतं. तीच खबर पहाटे मोह वेचायला निघणाऱ्या बाईच्या घरी आदल्या संध्याकाळी पोचवायची तर वनरक्षक, ग्रामपंचायत आणि गाईड यांना एकत्र आणावं लागेल. सल्लागार समितीला हे फेब्रुवारीत, मोह पडायच्या आधी ठरवता येईल.