लिंकनचा ‘क्वेकर’ पणजोबा

६ मार्च १८४८ रोजी अब्राहम लिंकनने वॉशिंग्टनहून एका आडनावबंधूला पत्र लिहिले. लिंकन तेव्हा संसदेत नव्याने आलेला होता आणि मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन या गृहस्थांनी त्याच्याकडे घराण्याची चौकशी केली होती. लिंकनकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते. वडील टॉमस, आजोबा अब्राहम, आणि पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात गेले व ते क्वेकर होते अशी एक पुसट ऐकीव गोष्ट, एवढेच. वडील लहानपणीच पोरके झाले आणि शिक्षणाला मुकले, म्हणून घराण्याची माहिती आपल्यापर्यंत पोचली नसावी, असेही त्याने लिहिले. जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवली: आमच्या घरात अब्राहम आणि मॉर्डेकाय ही नावे नेहमीची आहेत.

पुढे जे कळले ते पाहता या पत्रातली गंमत लक्षात येते. ‘क्वेकर’ हा धागा लिंकनने शेवटपर्यंत धरून ठेवला आणि नावांचा धागा सोडून दिला. धरलेला धागा कच्चा होता, सोडलेला पक्का.

क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या प्रेरणेने उभा राहिलेला ‘फ्रेंड्स’ पंथ. पाद्री नाही, बाप्तिस्मा नाही, शपथ नाही, शस्त्र नाही. (सेवाग्रामात नयी तालीमचे काम केलेल्या मार्जरी साइक्स याच पंथाच्या.) १६८२ साली विल्यम पेन ‘वेलकम’ जहाजातून अमेरिकेत उतरला आणि पेनसिल्व्हेनिया ही क्वेकरांची हक्काची जागा झाली. त्या जहाजातल्या प्रवाशांची मूळ यादी आजही हाती नाही. त्यामुळे ‘आमचा मूळपुरुष वेलकमवरून आला’ असे सांगणारी घराणी मात्र भरपूर निघाली. आपल्याकडे कुणाचा मूळपुरुष थेट पेशव्यांच्या फौजेत असतो, त्यातलाच प्रकार.

एरवी पूर्वज क्वेकर असणे ही शोधणाऱ्याच्या दृष्टीने चैनच. गावच्या चर्चच्या रजिस्टरात त्यांचा बाप्तिस्मा सापडत नाही आणि जुन्या दफनभूमीत बहुतेकांच्या नावाचा दगडही नसतो, पण त्यांची मासिक सभा, म्हणजे पंथाचे स्थानिक मंडळ, सगळे लिहून ठेवते. जन्म, मृत्यू, लग्नाला हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या आणि गाव सोडताना दिलेला दाखला. हा मनुष्य आमचा सदस्य आहे, वागणूक चांगली आहे, असे जुनी सभा लिहून देते आणि नवी सभा ते वाचून नोंदवते. डॅनियल बून या प्रसिद्ध सरहद्दीवाल्याचे आजोबा जॉर्ज बून १७१७ साली डेव्हनमधल्या ब्रॅडनिंच गावाहून फिलाडेल्फियाला उतरले. इंग्लंडमधल्या कलम्प्टन सभेचा दाखला त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ग्विनेड सभेत दाखवला आणि त्याची नोंद आहे. समुद्राच्या दोन्ही काठांना एकाच कागदाने गाठ मारलेली.

विल्यम वेड हिन्शॉ या ऑपेरा गायकाने उतारवयात अमेरिकेतल्या सभांच्या या नोंदी संकलित केल्या. १९३६ पासून त्यांचे जाडजूड खंड छापून निघू लागले. त्यांत सगळा कारभार संक्षेपांचा. ‘जीसीटी’ म्हणजे अमुक सभेसाठी दाखला दिला, ‘एमओयू’ म्हणजे पंथाबाहेर लग्न केले, ‘डिस’ म्हणजे सदस्यत्व काढून घेतले. एका ओळीत चार संक्षेप आणि तीन तारखा. त्या तारखांनाही दचकून राहावे लागते. वार-महिन्यांची नावे मूर्तिपूजकांच्या देवांची म्हणून क्वेकर फक्त आकडे लिहीत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च असे. म्हणजे ‘दहावा महिना’ हा ऑक्टोबर नव्हे, डिसेंबर. वर्षही २५ मार्चला बदले. हे न कळल्यामुळे वंशावळीत मुले आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेली दिसतात.

लिंकन घराण्याला ही कसोटी लावली की गोष्ट डळमळू लागते. पणजोबा जॉन १७६८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियातल्या लिनव्हिल क्रीकवर राहायला गेला. तो सदस्य असता तर सोबत दाखला असायला हवा होता. संशोधकांना तो मिळाला नाही. त्याचा मुलगा, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा आजोबा अब्राहम, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्हर्जिनियाच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, कॅप्टन होता. शस्त्र न धरणाऱ्या पंथात हे चालणारे नव्हे. सर्वांत बोलका पुरावा मात्र एका लग्नाचा. जॉनचा सावत्र भाऊ, त्याचेही नाव अब्राहम, याने १७६० साली ॲन बूनशी लग्न केले. ॲन डॅनियल बूनची चुलत बहीण आणि क्वेकर. पंथाबाहेर लग्न केले म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या एक्सेटर सभेपुढे तिला चूक कबूल करावी लागली. म्हणजे सभेच्या लेखी नवरा ‘बाहेरचा’ होता.

मग ही ऐकीव गोष्ट आली कुठून? जॉनचे वडील मॉर्डेकाय यांच्या शेजारापाजारावरून याचा अंदाज येतो. ते लोखंडाच्या धंद्यातले. पेनसिल्व्हेनियात आल्यावर कॉव्हेंट्रीच्या लोखंडी भट्टीत सॅम्युअल नट या क्वेकराबरोबर त्यांची भागी होती. पुढे एक्सेटरला त्यांनी १७३३ साली बांधलेले दगडी घर अजून उभे आहे. आसपास बून मंडळी, आणि १७३६ च्या मृत्युपत्रात विश्वस्त म्हणून जॉर्ज बूनचे नाव. शेजार क्वेकर, भागीदार क्वेकर, सूनही क्वेकर घरातली. तीन पिढ्यांनी, शेकडो मैलांवर, वडील गेलेल्या सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या आठवणीत याचे ‘आम्ही क्वेकर होतो’ झाले असेल तर नवल नाही.

लिंकन गप्प बसला नव्हता. १८४८ सालीच २ एप्रिलला त्याने व्हर्जिनियातल्या डेव्हिड लिंकनला पत्र लिहिले. तुमचे काका आणि माझे आजोबा एकच, याबद्दल आता शंका उरली नाही, असे सांगून त्याने पुढे प्रश्नांची फैर झाडली: तुमच्या आजोबांचे नाव काय? ते क्वेकर होते की नव्हते? बर्क्स काउंटीतून व्हर्जिनियात कधी आले? वंशावळीच्या नादी लागलेल्या कुणाही माणसाची पत्रे अशीच असतात. पण २० डिसेंबर १८५९ रोजी आपला मित्र जेसी फेलला पाठवलेल्या आत्मवृत्तात ‘क्वेकर’ हे विधान बिनशंकेने आले, आणि न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नाते जोडण्याच्या प्रयत्नातून ईनॉक, लिवाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या साधर्म्यापलीकडे काही निघाले नाही, अशी नोंद झाली.

आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याला नवी नाही. मॉर्डेकाय हे नाव तर असे की ते सहज दोन घरांत योगायोगाने फिरणार नाही. तरी लिंकनची सावधगिरी चूक म्हणता येत नाही. हिंगममध्ये सुरुवातीला एकाच वेळी चार टॉमस लिंकन राहत होते, आणि गावाने त्यांना गिरणीवाला, विणकर, पिंपे बनवणारा आणि शेतकरी अशी धंद्याची नावे लावून वेगळे केले होते. नुसत्या नावावर विसंबणारा तिथे कुठल्या टॉमसच्या घरात शिरेल याचा नेम नाही.

नाते जुळले ते मालमत्तेच्या कागदांवरून. एक्सेटरच्या मॉर्डेकायने मृत्युपत्रात थोरल्या जॉनला न्यू जर्सीतली तीनशे एकर जमीन ठेवली होती. १७४८ साली जॉनने ती विकली, तेव्हा खरेदीखतात तो मॉर्डेकायचा मुलगा म्हणून उभा राहिला. न्यू जर्सीतच, मॉनमथ काउंटीत, एक लहान थडगे आहे: डेबोरा लिंकन, वय ३ वर्षे ४ महिने, १५ मे १७२०. मॉर्डेकायची ही मुलगी. म्हणजे पेनसिल्व्हेनियापूर्वीचा मुक्काम इथला. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सिच्युएट गावच्या थोरल्या मॉर्डेकायने १७२७ च्या मृत्युपत्रात परमुलखी गेलेल्या मॉर्डेकाय आणि अब्राहम या मुलांची आठवण ठेवली आहे. हे थोरले मॉर्डेकाय हिंगमच्या सॅम्युअल लिंकनचे पुत्र. जाता जाता सांगण्यासारखे: एक्सेटर ज्या बर्क्स काउंटीत आहे ती १७५२ साली झाली. त्यामुळे १७३६ चे मृत्युपत्र तिथे शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, ते फिलाडेल्फियाच्या दप्तरात असते. लिंकन १८६५ साली गेला, तेव्हा हे तुकडे वेगवेगळ्या काउंट्यांत पडून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला ते एकत्र मांडले गेले.

अशा रीतीने ‘क्वेकर’ घराण्याचा मूळपुरुष निघाला प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, वसाहतीतला. त्याच वसाहतीने १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये मेरी डायरसह चार क्वेकरांना फाशी दिली. सॅम्युअल तेव्हा तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर हिंगममध्ये संसार करत होता.

सॅम्युअल स्वतः आला तो इंग्लंडमधल्या नॉर्फकमधून. ८ एप्रिल १६३७ च्या यार्मथ बंदराच्या नोंदीत नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको, एक मुलगी आणि दोन नोकर न्यू इंग्लंडला जायला निघालेले दिसतात. त्यांतला एक नोकर ‘सॅम्युअल लिंकॉर्न, वय १८’. इंग्लंडमधल्या हिंगम गावच्या चर्चमध्ये सॅम्युअल लिंकनचा बाप्तिस्मा मात्र २४ ऑगस्ट १६२२ चा आहे. त्या हिशेबाने जहाजावर चढताना तो चौदाचा भरतो. पोराचा बाप्तिस्मा उशिरा झाला, की बंदरावरच्या अधिकाऱ्यापुढे कुणीतरी त्याचे वय चार वर्षांनी वाढवून सांगितले?