नाकापेक्षा मोती जड: छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन घातलं की काय होतं

१९६४ साली इंग्लंडमध्ये सनबीम टायगर नावाची गाडी बनायला लागली तेव्हा तिथल्या एका कामगाराचं काम काय होतं माहितीये? मोठा हातोडा घ्यायचा आणि प्रायमर, रंग सगळं होऊन आलेल्या कोऱ्या बॉडीचा फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधली पत्र्याची भिंत, ठोकून आत दाबायची. कारण मूळची सनबीम अल्पाइन ही चार सिलेंडरची, ८० च्या आसपास हॉर्सपॉवरची टू-सीटर, आणि आता त्याच बॉनेटखाली फोर्डचं ४.२ लिटरचं, १६४ हॉर्सपॉवरचं व्ही-८, म्हणजे चार-चार सिलेंडरच्या दोन रांगा व्ही आकारात लावलेलं इंजिन, बसवायचं ठरलं होतं. बसवलं एकदाचं, पण मागच्या कोपऱ्यातला एक स्पार्क प्लग काही केल्या हाताला लागेना. मग फायरवॉलला एक भोक ठेवून त्याला बूच लावलं, तो प्लग बदलायचा तर केबिनमधून हात घालायचा. आणि ही कंपनीने बनवून शोरूममधून विकलेली गाडी आहे हां, कुणाच्या घरामागच्या शेडमधला जुगाड नाही.

इंजिन स्वॅप, म्हणजे मूळचं इंजिन काढून दुसरं बसवणं, या प्रकाराबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा हॉर्सपॉवर सांगतात आणि थांबतात. आधी ११५ होती, आता ३४५ आहे, विषय संपला. पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते, कारण इंजिनातून निघालेला जोर रस्त्यापर्यंत जाताना गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (जोर मागे नेणारी लांब दांडी), डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा डबा), एक्सल शाफ्ट (तिथून चाकापर्यंतची दांडी), टायर अशा पाच-सहा हातांतून जातो, आणि यातला प्रत्येक भाग जुन्या इंजिनाच्या हिशोबाने बनवलेला असतो, थोडं इकडे-तिकडे मार्जिन धरून. इंजिन मोठं केलं म्हणजे अडचण संपत नाही, फक्त एक घर पुढे सरकते.

उदाहरण म्हणून १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ घेऊ, म्हणजेच मियाटा, कारण स्वॅपवाल्यांची ही लाडकी गाडी. १.६ लिटर, साधारण ११५ हॉर्सपॉवर, टॉर्क १३६ न्यूटन-मीटर, वजन हजार किलोच्या आतच. आणि तिच्यात घालायला लोक जे इंजिन शोधत फिरतात ते जनरल मोटर्सचं एलएस१, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं, ५.७ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर, टॉर्क साधारण ४७५. पॉवर तिप्पट, टॉर्क साडेतीन पट.

आता थोडं गणित करू, सोपं आहे, घाबरू नका. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. गिअर तो जोर वाढवतात आणि त्याच्या बदल्यात वेग कमी करतात. मियाटाचा पहिला गिअर ३.१४ पट आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो ४.३ पट, म्हणजे १३६ ला दोन्हींनी गुणलं की मागच्या एक्सलवर १८०० च्या वर न्यूटन-मीटर येतात. चाकाची त्रिज्या २९ सेंटीमीटर धरली आणि वाटेत घर्षणात जातं ते दहाएक टक्के वजा केलं, तर गाडीला ढकलणारा जोर साधारण ५७०० न्यूटन. हे झालं जुन्या इंजिनाचं.

टायर किती सोसतो? गाडी जोरात निघाली की वजन मागे सरकतं, ते धरून मागच्या दोन चाकांवर ६४० किलोच्या आसपास भार येतो, चांगल्या टायरची पकड ०.९ धरली तर टायर साधारण ५६०० न्यूटनपर्यंत रस्ता धरून ठेवतो, त्यापुढे चाक नुसतं गरगर फिरतं.

म्हणजे बघा, पहिल्या गिअरमध्ये जुनं बारकं इंजिनच टायरच्या मर्यादेला जाऊन टेकलेलं आहे! आता तिथेच ४७५ न्यूटन-मीटर घाला, गिअरबॉक्स जुनाच टिकला असं क्षणभर समजा, तर जोर होतो २०,००० न्यूटन. टायर धरणार ५६००, बाकीचा धूर. दुसऱ्या गिअरला १२,००० आणि तिसऱ्याला ८४००. चौथ्याला, जिथे गिअरबॉक्स जोर वाढवतच नाही, तिथेसुद्धा ६३०० च्या आसपास भरतो, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी मागची चाकं घसरायला तयार. मी पहिल्यांदा हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा मला वाटलं कुठेतरी गुणाकार चुकला, परत केला, नव्हता चुकला.

म्हणून ० ते १०० च्या आकड्यावर फार भाळू नये. फक्त मागची चाकं ढकलणारी अशी गाडी या टायरवर ताशी १०० ला पाच सेकंदांच्या फार आत जाऊच शकत नाही, इंजिन ३४५ चं घाला नाहीतर ७०० चं. फरक खरा कळतो तो वरच्या वेगात, जिथे जुनं इंजिन दमलेलं असतं आणि हे अजून ढकलत असतं.

याच कारणाने समजून-उमजून स्वॅप करणारे डिफरन्शियलचा रेशो बदलतात, ४.३ काढून ३.३ किंवा त्याच्या आसपासचा घालतात. ऐकायला उलटं वाटतं, इतका जोर आणून मग तो कमी का करायचा, पण ज्या इंजिनाला कमी आरपीएमवरच, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्यांवरच, भरपूर टॉर्क आहे त्याला जोर इतका वाढवणाऱ्या गिअरची गरज नसते, शिवाय हायवेवर इंजिन उगाच किंचाळत राहत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. टायर घसरतो ही आपण तक्रार म्हणून सांगतो, पण तोच गाडीचा फ्यूज असतो. टायर घसरला की पुढचा जोर वाया जातो आणि मागचे शाफ्ट वाचतात. मग माणूस काय करतो, पकड कमी पडते म्हणून रुंद, चिकट, रेसिंगचे टायर घालतो, आणि तिथून पुढे पार्ट तुटायला सुरुवात होते. कारण आता टायर सोडत नाही आणि वाटेतल्या सगळ्यात कच्च्या भागाला तो पूर्ण पीळ सोसावा लागतो. सुरुवातीच्या १.६ मियाटाचं डिफरन्शियल तसंही नाजूकच, १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कंपनीने स्वतःच मोठं डिफरन्शियल दिलं, व्ही-८ वाले तर तेही काढून दुसऱ्याच मोठ्या गाडीचं घालतात. मी एकदा असा निकामी झालेला एक्सल शाफ्ट हातात घेऊन बघितला होता, टोकाला ज्या सरळ खाचा असतात ना, स्प्लाइन म्हणतात त्याला, त्या दोरीला पीळ द्यावा तशा तिरक्या झाल्या होत्या. तुटायच्या आधी लोखंड किती वेळ सहन करत होतं ते त्यात दिसत होतं. सगळ्यात वाईट असतो धक्का. चाक हवेत किंवा खड्ड्यात गरगर फिरतंय आणि एकदम त्याला रस्ता सापडला, तर फिरणाऱ्या सगळ्या वजनाचा वेग क्षणात उतरतो आणि तो झटका शाफ्टवर येतो. तुटायचं ते बहुतेक तेव्हाच तुटतं.

जुन्या लोकांनाही हे नवीन नव्हतं. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने इंग्लंडच्या एसी एस या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ घालून कोब्रा काढली, तेव्हा मागे जास्त दणकट डिफरन्शियल घालावंच लागलं. ४.२ आणि ४.७ लिटरपर्यंत जुनी चौकट कशीबशी निभावली, पण ७ लिटरचं इंजिन घालायचं म्हटल्यावर चेसिसचे मुख्य पाइप ३ इंचांवरून ४ इंचांचे केले आणि आडव्या पट्टा-स्प्रिंगा जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या. नाव तेच राहिलं, पण खालची गाडी जवळजवळ नवीनच.

वजनाबद्दल एक गैरसमज आहे तो इथेच काढून टाकू. मोठं इंजिन म्हणजे नाक जड, गाडी वळणार नाही, असं सर्रास बोललं जातं. नेहमी तसं नसतं. एमजीबी या गाडीचं १.८ लिटरचं चार सिलेंडर इंजिन बिडाचं होतं, त्यात १९७३ मध्ये रोव्हरचं ३.५ लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ आलं आणि ते जवळपास दुप्पट मोठं असून जुन्यापेक्षा हलकं भरलं. लिटर म्हणजे आतली पोकळी, ती मोठी असली म्हणून बाहेरचा डबा तितकाच मोठा असतो असं नाही. एलएस१ पण असंच, त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारी दांडी, एकच आणि तो व्ही च्या मधोमध खाली लपलेला, डोक्यावर चार-चार कॅमशाफ्टचा पसारा नाही, त्यामुळे ५.७ लिटर असूनही ते मियाटाच्या बॉनेटखाली मावतं. तरी मियाटाचं एकूण वजन वाढतंच, त्यात जोडीचा मोठा गिअरबॉक्सही आला. आणि वजन किती वाढलं याइतकंच ते कुठे वाढलं हेही बघावं लागतं. पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे इंजिन जितकं सरकवता येईल तितकं बरं, कारण टोकाला लटकलेलं वजन वळवायला जास्त जोर लागतो आणि वळायला लागलं की थांबवायलाही. म्हणून तर फायरवॉलवर हातोडे पडतात.

मावायचं म्हणाल तर इंचा-इंचाची मारामारी असते. ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, क्रॉसमेंबरवर, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या तुळईवर, टेकतो, एक्झॉस्टचा पाइप नेमका स्टिअरिंगच्या दांडीतून जायला बघतो. टायगरमध्ये तर त्यापायी स्टिअरिंगची पूर्ण सिस्टिमच बदलून रॅक-अँड-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि छोट्या गिअरची, घातली होती. तिचा शेवट पण असाच झाला: १९६७ मध्ये सनबीमची मालक कंपनी रूट्स ही क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली, प्रतिस्पर्धी फोर्डचं इंजिन किती दिवस वापरणार, आणि स्वतःचं व्ही-८ घालावं तर त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटून देणारा भाग, मागच्या बाजूला, नेमका फायरवॉलकडे, बसेचना. गाडीच बंद केली.

ब्रेककडे लोक शेवटी बघतात, खरं तर आधी बघायला हवं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे शाळेत शिकलोय सगळे. ड्रायव्हरसकट १०५० किलोची गाडी १०० वरून थांबवली तर साधारण ४०५ किलोज्यूल उष्णता होते, म्हणजे सव्वा लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी. १६० वरून थांबवली तर १०३७ किलोज्यूल, तीन लिटर पाण्याची. चारही डिस्क मिळून १८ किलो लोखंड धरलं तर पहिल्या वेळी डिस्क ५० अंशांनी तापतात आणि दुसऱ्या वेळी सव्वाशे अंशांनी, तेही एकदाच ब्रेक मारला तर. रेस ट्रॅकवर दर वळणाआधी मारावा लागतो आणि मधल्या सरळ रस्त्यावर नवीन इंजिन गाडीला पुन्हा १६० ला नेऊन ठेवतं, थंड व्हायला वेळच देत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ या प्रकारच्या ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश, ओलावा शिरल्यावर तोच १५५ पर्यंत येऊ शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे पेडल सरळ खाली जातं. याचा अनुभव कुणी घेऊ नये.

रेडिएटरचं पण तेच दुखणं. ढोबळ हिशोबाने पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर आणि एक तृतीयांश कूलंटमध्ये. २५० किलोवॉटचं इंजिन पूर्ण जोरात चाललं तर तेवढीच उष्णता त्या छोट्या जाळीतून बाहेर टाकायची. गावात फिरताना काही होत नाही कारण तिथे तुम्ही २०-३० किलोवॉटच्या वर वापरतच नाही, ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या राउंडला काटा वर जायला लागतो.

टॉप स्पीडची मजा राहिलीच. हवेला ढकलायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे पॉवर तिप्पट केली की वेग तिप्पट होत नाही, ३ चं घनमूळ १.४४, तेवढाच वाढतो. १८५ ची गाडी फार तर २६५ ला जाईल. आणि कापडी छताची, खिडक्या शिट्ट्या वाजवणारी ती गाडी २६५ ला रस्त्याला किती चिकटून राहील हा वेगळा प्रश्न, मी तरी आत बसून उत्तर शोधणार नाही.

इतकं सगळं जमलं, इंजिन बसलं, शाफ्ट बदलले, ब्रेक मोठे केले, की उरते वायरिंग. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसं, फक्त हे शेपूट महिनोन्महिने पुरतं. नव्या इंजिनाचा ईसीयू, म्हणजे ते चालवणारा कॉम्प्युटर, त्याच्या मूळ गाडीतल्या इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, शोधतो, सापडला नाही तर इंजिन चालूच होऊ देत नाही. डॅशबोर्ड जुन्या गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनाचे, दोघांची भाषा वेगळी. जुन्या गाड्यांचा आरपीएम मीटर तर नुसते इग्निशनचे ठोके मोजतो. चार सिलेंडरच्या इंजिनात एका फेरीला दोन ठिणग्या पडतात, आठ सिलेंडरच्यात चार. मीटरला आपलं इंजिन बदललंय हे कुणी सांगितलेलंच नसतं, तो बिचारा दोनाच्या हिशोबानेच मोजत राहतो. त्यामुळे मीटरचं सेटिंग न बदलता सगळं जोडून पहिल्यांदा किल्ली फिरवली, तर इंजिन खाली शांतपणे ८०० वर गुरगुरत असतं आणि काटा १६०० वर असतो. जरा ॲक्सिलरेटर दाबून ३५०० केलं की काटा ७००० वर, लाल पट्ट्याला टेकलेला, आणि शेजारी बसलेला मित्र ओरडतो, अरे सोड, सोड, इंजिन फुटेल!