पब्लिक डिफेन्डर आणि लीगल एडचा वकील: घर वाचवायला कोण येतं?

अमेरिकेत घर खाली करण्याच्या दाव्याचे कागद हातात पडलेले भाडेकरू कोर्टात आल्यावर पुष्कळदा एकच विचारतात: ‘मला दिलेला वकील कुठे आहे?’ त्यांना दोष देता येत नाही. वकील परवडत नसेल तर तो नेमून दिला जाईल, हे वाक्य टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांत त्यांनी कितीदा तरी ऐकलेलं असतं. ते १९६६ च्या मिरांडा निकालातून आलं आणि फौजदारी प्रकरणापुरतंच खरं आहे. घर खाली करण्याचा दावा दिवाणी असतो. तिथे बहुतेक ठिकाणी कोर्ट वकील नेमत नाही. वकील मिळेल या भरवशावर माणूस थांबून राहतो, उत्तर दाखल करायची मुदत टळते आणि एकतर्फी निकाल लागतो. मी लीगल एडमध्ये, म्हणजे गरिबांना दिवाणी प्रकरणांत मोफत वकिली मदत देणाऱ्या संस्थेत, भाडेकरूंची बाजू मांडते. या एका गैरसमजापायी घरं जाताना पाहून फार वाईट वाटतं.

पब्लिक डिफेन्डर हा सरकारी खर्चाने आरोपीचा बचाव करणारा वकील. तो मिळणं हा हक्क आहे. फ्लोरिडातल्या क्लॅरेन्स गिडियनला वकिलाविना शिक्षा झाली, त्याने तुरुंगातून हाताने अर्ज लिहिला आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क साऱ्या राज्यांना लागू केला. फेरखटल्यात वकील मिळाल्यावर गिडियन निर्दोष सुटला. ‘आमच्याकडे माणसं कमी आहेत’ एवढ्या कारणावरून आरोपीला वकिलाविना तुरुंगात धाडता येत नाही.

आम्हाला मात्र लोकांना नाही म्हणावं लागतं, रोज. १९८१ च्या लॅसिटर निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तुरुंगाची वेळ येणार नसेल तर वकील मिळण्याचा हक्क गृहीत धरता येत नाही. प्रकरण होतं एका आईचा मुलावरचा कायदेशीर हक्क काढून घेण्याचं. तिथेही हक्क नाही, तर भाड्याच्या खोलीची काय कथा! लीगल एडच्या संस्था सहसा ना-नफा असतात. त्यातल्या अनेकांना लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनकडून पैसा येतो. ही संस्था १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायद्याने उभी केली. त्या पैशातून मदत हवी असेल तर उत्पन्न साधारणपणे केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या आत लागतं. तेवढ्यात बसूनही वकील मिळेलच असं नाही. कुणाला कोर्टात साथ मिळते, कुणाला फक्त फोनवर सल्ला.

कामाचा वेगही निराळा. फौजदारी खटला महिनोन्‌महिने चालू शकतो, आमचा दावा काही आठवड्यांत निकाली निघतो. कॅलिफोर्नियात उत्तर द्यायला कोर्टाच्या कामकाजाचे फक्त ५ दिवस मिळायचे, १ जानेवारी २०२५ पासून ते १० झाले. एवढ्यात मी आधी नोटीस वाचते. किती दिवसांची आहे, कुणाच्या हातात दिली, थकबाकीत विलंब शुल्क मिसळलंय का? कॅलिफोर्नियात भाडं भरा नाहीतर घर सोडा अशी नोटीस असेल आणि तीत खऱ्या थकबाकीपेक्षा जास्त रक्कम मागितली असेल, तर तेवढ्यावरही दावा पडू शकतो. मग घराची अवस्था. वॉशिंग्टन डीसीतल्या क्लिफ्टन टेरेसच्या भाडेकरूंच्या जॅव्हिन्स खटल्यात १९७० साली कोर्टाने मान्य केलं, की घर राहण्याजोगं ठेवणं आणि भाडं देणं या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. म्हणून बंद हीटरचा, गळक्या छताचा तारखेसह फोटो आम्ही मागतो.

खरी झुंज बऱ्याचदा कोर्टाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये होते. सुनावणीआधी घरमालकाचा वकील हातात छापील तडजोडनामा घेऊन येतो, नीट बोलतो, सही कुठे करायची ते दाखवतो. भाडेकरूला वाटतं हाच कोर्टाने दिलेला माणूस. कागदावर मात्र असतं, की एक जरी हप्ता चुकला तरी पुन्हा सुनावणी न होता ताबा जाईल. त्या क्षणी शेजारी कुणी उभं असलं, तर हप्ता कमी होतो, मुदत वाढते, कधी दावाच मागे घेतला जातो. माझ्या मते आमच्या कामाचं मोल या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त असतं.

एकाच घटनेत दोन्ही वकील लागतात तेव्हा गोंधळ वाढतो. सार्वजनिक गृहनिर्माणात, म्हणजे सरकारी अनुदानाच्या घरात, राहणाऱ्या बाईचा नातू अमली पदार्थांसह पकडला गेला, तर त्याच्यासाठी पब्लिक डिफेन्डर येतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या रकर निकालानुसार आजीला काहीच ठाऊक नसलं तरी तिला घराबाहेर काढता येतं, आणि तिच्यासाठी आपोआप कुणी येत नाही. नातवाने लवकर सुटण्यासाठी गुन्हा कबूल केला, तर तोच कबुलीजबाब आजीच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. म्हणून अटक झाल्याच्या दिवशीच पब्लिक डिफेन्डरला सांगा, की घर सरकारी अनुदानाचं आहे.

काही ठिकाणी चित्र बदलतंय. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा केला, सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१८ मध्ये उत्पन्नाची अटच ठेवली नाही, आणि २०२१ मध्ये असा हक्क देणारं वॉशिंग्टन हे पहिलं राज्य ठरलं. (न्यूयॉर्कची लीगल एड सोसायटी ही १८७६ पासूनची जुनी संस्था फौजदारी बचावही करते, त्यामुळे तिथल्या लोकांना नावावरून फरक कळत नाही.)

बाकी ठिकाणी फोन तुम्हालाच करावा लागतो, आणि तो कागद मिळाले त्याच दिवशी. हकिगत नंतर, आधी कोर्टाची तारीख आणि कागद कधी मिळाले ते सांगा. घरमालकाचं पूर्ण नावही लगेच सांगा. तुमच्याविरुद्धच्या पक्षाला आमच्या कार्यालयाने आधी सल्ला दिला असेल, तर आम्हाला तुमचं काम घेता येत नाही. ते पहिल्या फोनवरच कळलं, तर दुसरीकडे पाठवायला वेळ उरतो.