बडीविना बुडी

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन बुडी मारणं, शिकायला लागलं की पहिल्याच दिवशी कानावर पडतं: एकट्याने पाण्याखाली जायचं नाही. पुढे नोंदवहीत शंभरेक बुड्या जमतात आणि एक दिवस कोर्सच्या यादीत एकट्याने बुडी मारण्याचं प्रमाणपत्रही दिसतं. घ्यावं का, असं विचारलं तर एक जण 'वेड लागलंय का' म्हणतो, दुसरा 'काही होत नाही रे' म्हणतो. नियम कुठून आला हे दोघांपैकी कुणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय या प्रश्नात हात घालण्यात अर्थ नाही.

जोडीने उतरण्याची पद्धत स्कूबापेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. 'रॉयल जॉर्ज' ही ब्रिटिश युद्धनौका १७८२ मध्ये पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला बुडाली. तिचे अवशेष हटवण्याचं काम १८३९ ते १८४३ या काळात कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्याकडे होतं. त्यांचे पाणबुडे धातूचं शिरस्त्राण घालून तळाशी उतरत आणि वरच्या पंपातून नळीने हवा येई. जोडीने काम करा, ही पॅस्ली यांनी दिलेली सूचना म्हणजे 'बडी' (पाण्याखालचा जोडीदार) पद्धतीची पहिली नोंद मानली जाते. याच कामात एका पाणबुड्याची नळी अडकली. ती कापून तो कसाबसा वर आला.

तरी शिरस्त्राणाच्या त्या जमान्यात पाणबुड्याचा खरा सोबती पाण्याबाहेरच असायचा. पंप मारणारा आणि दोर धरून बसणारा. दोराला किती हिसके बसले यावरून खाली काय चाललंय ते त्याला कळे. खाली माणूस एकटा असला तरी बेवारस नव्हता.

जून १९४३ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो यांनी हा दोरच काढून टाकला. एमिल गान्यां या इंजिनिअरबरोबर तयार केलेला, श्वास घेतला की तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर पाठीवर घेऊन ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदॉलजवळ पाण्यात शिरले. पत्नी सिमोन वर तरंगत मास्कमधून त्यांच्यावर नजर ठेवून होत्या आणि फ्रेडरिक द्युमा हे पट्टीचे पोहणारे मित्र गरज पडलीच तर धावून यायला किनाऱ्यावर तयार होते. म्हणजे स्कूबाच्या इतिहासातली ही गाजलेली बुडी, आजच्या भाषेत, एकट्याचीच.

नळी गेली, दोर गेला, आणि त्याबरोबर वरच्या माणसाच्या हातातलं सगळंच गेलं. आता मदत करायची तर मदत करणाऱ्यानेही पाण्याखालीच असायला हवं. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियात प्रशिक्षणाची घडी बसली ती या अडचणीभोवती. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ यांनी संशोधकांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्याकडून शिकून गेलेल्या अल टिलमन आणि बेव्ह मॉर्गन यांनी लॉस एंजेलिस काउंटीतर्फे १९५४-५५ मध्ये सामान्य लोकांसाठी वर्ग उघडले. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब १९५३ चा. मग वायएमसीए, नावी आणि १९६६ मध्ये पाडी याही संस्था शिकवू लागल्या. पोहण्याच्या शिबिरांत मुलांना जोडीजोडीने मोजायची पद्धत होतीच. ती इथे सहज रुजली.

लिंबॉ यांचा अंत मात्र चटका लावणारा आहे. मार्च १९६० मध्ये फ्रान्समधल्या कासीजवळच्या पोर-मियू इथल्या पाण्याखालच्या गुहेत सोबत्यापासून त्यांची चुकामूक झाली आणि ते परतलेच नाहीत. पिढ्यांना सुरक्षितता शिकवणाऱ्या माणसाचं हे झालं. सोबत घेऊन उतरणं आणि शेवटपर्यंत सोबत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाण्याखाली गेलेल्या कुणालाही पटेल.

त्या काळातली सामग्री डोळ्यांसमोर आणली की नियमाचा कडकपणा समजतो. सिलिंडरमध्ये किती हवा उरली हे दाखवणारा गेज बहुतेकांकडे नसे. श्वास जड लागायला लागला की एक दांडी खेचायची आणि राखून ठेवलेली थोडी हवा सुटायची. ती दांडी आधीच चुकून खाली ओढली गेली असेल तर खेळ खलास. तोंडात धरायचा रेग्युलेटर एकच. हवा संपली तर जोडीदाराच्या तोंडातला तोच आळीपाळीने घ्यायचा. म्हणजे बडी हाच तुमचा दुसरा सिलिंडर आणि दुसरा रेग्युलेटर. पुढे गेज आला, प्रत्येकाकडे जादा रेग्युलेटर आला, फुगवता येणारं जॅकेट आलं, मनगटावर कॉम्प्युटर आला. बडीचं एकेक काम आपल्याच अंगावर चढत गेलं. नियमाचे शब्द तेवढे तेच राहिले.

प्रत्यक्षात तो किती पाळला जायचा हा वेगळाच विषय. फोटोग्राफर एका गोगलगायीपुढे वीस मिनिटं ठाण मांडतो, त्याचा जोडीदार केव्हाच पुढे गेलेला असतो. चार नवशिक्यांना घेऊन उतरलेल्या प्रशिक्षकाला काही झालं तर वाचवणार कोण? आणि इंग्लंडमधल्या गुहांत तर नियम उलटाच. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या केव्ह डायव्हिंग ग्रुपच्या मंडळींनी गढूळ, अंग जेमतेम मावेल अशा भुयारांत एकट्याने जाणंच पसंत केलं. हात दिसत नाही तिथे मागचा माणूस मदतीचा नसतो, बाटलीचं बूच असतो. म्हणून सगळी सामग्री दुहेरी ठेवायची आणि भरवसा स्वतःवर. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांना शोधणारे रिक स्टँटन आणि जॉन वोलांथन याच मुशीतले. बाहेर काढताना एकेका मुलामागे एकेकच पाणबुड्या होता.

जे चाललंय ते कागदावर आणायचं धाडस केलं ते एसडीआय या प्रशिक्षण संस्थेने. टेक्निकल डायव्हिंगमधल्या (नेहमीच्या मर्यादेपलीकडच्या, खोल आणि अवघड बुड्या) ब्रेट गिलियम यांच्या पुढाकाराने ती १९९८ मध्ये निघाली आणि थोड्याच काळात तिने एकट्याने बुडी मारण्याचा कोर्स आणला. वय किमान २१, नोंदलेल्या बुड्या १००. पाडीने कितीतरी उशिरा तसाच कोर्स सुरू केला, पण नावात 'एकटा' हा शब्द येऊ दिला नाही, 'स्वावलंबी' म्हटलं. मला यात सावधगिरीपेक्षा अवघडलेपण जास्त दिसतं.

कोर्समध्ये खरा जीव आहे तो हवेच्या हिशेबात. समजा, पाण्याबाहेर तुम्ही मिनिटाला २० लिटर हवा घेता. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे ८० लिटर. घाबरलात तर १६०. पाठीवरची जादाची ३ लिटरची छोटी बाटली २०० बार दाबाला भरली तर हवा ६०० लिटर. एक मिनिट गोंधळात गेलं की १६० संपले. मग त्याच धापेने, मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायचं, त्यात आणखी ३३० च्या आसपास जातात. वाटेत पाच मीटरवर सुरक्षिततेसाठी तीन मिनिटं थांबायला आणखी १८० लागतात. बेरीज ६०० च्या पुढे. म्हणजे बाटली मोठी घ्या, नाहीतर एवढे खोल जाऊ नका. जोडीने उतरणाऱ्यांपैकी किती जणांनी हे गणित कधी मांडलंय?

दोन गोष्टी मात्र कुठल्याही बाटलीत मावत नाहीत. पाण्याखाली छातीत कळ आली तर दुसरा माणूसच लागतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्याने आधी डॉक्टरकडे जावं, मग कोर्सकडे. दुसरी गोष्ट जाळी. पाठीमागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकलेला दोरा स्वतःला दिसत नाही. मालवण-तारकर्लीच्या पाण्यात मासेमारी चालते आणि पाणी पुष्कळदा इतकं गढूळ असतं की गाईडच्या पायातले फिन्सही पुसट होतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना हाताला धरून उतरवतात तिथे हा प्रश्नच येत नाही. पण प्रमाणपत्रधारकांनाही शिकवलेलं असतं: बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधा, मग वर या. त्या एका मिनिटात आणि वर येण्याच्या वाटेवर प्रत्येक जण एकटाच असतो. मी कोर्स करणार आहे तो त्या चार-पाच मिनिटांसाठी. कोकणात उतरताना बडी सोडणार नाही.