चालण्याच्या वेगात दोनशे किलो

इंदूरमध्ये रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्याकडे सरकत असताना तिच्यापुढे माणसाच्या चालीनं, म्हणजे ताशी पाचेक किलोमीटरनं बाइक चालवून पाहा. मोकळ्या रस्त्यावर 80 नं जाण्यापेक्षा हे कठीण आहे. वेगात गाडी आपला तोल बराचसा आपणच सावरते. 10 च्या खाली ते सगळं चालवणाऱ्यावर येतं. म्हणूनच पोलिसांच्या मोटरसायकल प्रशिक्षणात शंकूंमधून संथ वळणं पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

पकड अशी. थ्रॉटल किंचित उघडा आणि तिथंच ठेवा. डावा हात हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवटच सोडलेला, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका. वेग कमी-जास्त करायचा तो क्लचनं. थ्रॉटल हलवायचा नाही. इंजिन पुढे ओढतं, ब्रेक मागे धरतो, त्यामुळे चेन ताणलेली राहते आणि गचके बसत नाहीत. बुलेटसारख्या गाडीचा क्लच तेलात बुडालेला असतो म्हणून हे सहन करतो, तरी अर्धा तास सलग नको. क्लचप्लेटा तापून घसरू लागतात.

आता यू-टर्न. 3 मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी 10 ला गाडी आणि स्वार मिळून सुमारे 15 अंश झुकतात, 5 ला जेमतेम 4. गाडी आत पडतेय असं वाटलं की पाय टेकवू नका, क्लच थोडा सोडा. वेग 8 वरून 10 झाला तर सावरणारा जोर दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. आणखी आखूड वळायचं असेल तर अंग बाहेरच्या बाजूला सरकवा आणि गाडीला आत झुकू द्या.

सगळ्यात जास्त गाड्या आडव्या होतात त्या पुढच्या ब्रेकनं. हँडल वळलेलं असताना तो दाबला की वजन पुढे येतं, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या, दबतो, चाक आणखी आत ओढलं जातं आणि नेमका हवा असलेला वेग संपतो. वळताना उजव्या हाताची बोटं ब्रेकवरून काढूनच ठेवा. नजर चाकापुढच्या डांबरावर नको. मान खांद्यावरून वळवून बाहेर पडायची जागा बघा, खांदे आणि हात आपोआप मागे येतात.

स्कूटरवाल्यांना हाफ क्लच नाही. त्यांनी थोडा थ्रॉटल ठेवून मागच्या ब्रेकनं वेग धरावा. पण कॉम्बी-ब्रेक असेल तर तीच डावी लिव्हर पुढचं चाकही धरते, म्हणून अगदी हलक्या हातानं.

सराव करताना गाडी पडणारच. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली करून ठेवा, नाहीतर उभी झालेली गाडी थेट पलीकडे जाते. गाडी गियरमध्ये टाका. सीटच्या कडेला पाठ लावून बसल्यासारखे व्हा. एका हातात जमिनीकडची मूठ, दुसऱ्यात मागची दांडी. पाठीनं उचलू नका. पायांच्या जोरानं छोटी पावलं मागे टाकत जा.