चोवीस रिकाम्या ओळींचं कार्ड : हार्डवेअर वॉलेट आलं कुठून?

बिटकॉइनसारख्या आभासी पैशाची किल्ली जपणाऱ्या हार्डवेअर वॉलेटचं खोकं उघडलं की पेनड्राइव्हएवढं एक यंत्र, यूएसबी केबल आणि १ ते २४ आकडे छापलेलं कोरं कार्ड निघतं. नवा माणूस यंत्र कौतुकाने हातात घेतो आणि कार्ड खोक्यातच राहू देतो. खरं तर उलट व्हायला हवं. यंत्र हरवलं, फुटलं, बादलीत पडलं तरी दुसरं आणता येतं; कार्डावर किल्लीचे जे चोवीस शब्द लिहिले जाणार ते गेले की गेले. सोबतच्या सूचना वाचताना कंटाळा येतो : शब्द स्वतःच्या हाताने लिहा, फोटो काढू नका, पैसे ज्याला जाणार त्याचा पत्ता यंत्राच्या स्क्रीनवर वाचूनच बटण दाबा. पण यातल्या बहुतेक सूचना कुणाचे ना कुणाचे पैसे बुडाल्यावर लिहिल्या गेल्या आहेत.

मुळात वॉलेट, म्हणजे ‘पाकीट’, हा शब्दच फसवा आहे. बिटकॉइन त्या यंत्रात नसतंच; त्याची नोंद जगभरच्या संगणकांवरच्या सामाईक खातेवहीत असते. यंत्रात असते ती खासगी किल्ली, म्हणजे एक अवाढव्य आकडा. त्या आकड्याने केलेली सही खातेवहीला मान्य होते. सही कुणी केली, राजीखुशीने केली का, हे विचारणारा कारकून तिथे नाही.

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं तेव्हा ही किल्ली संगणकावरच्या एका साध्या फाइलमध्ये पडून असायची, आणि त्या फाइलला कुलूपही नव्हतं. जून २०११ मध्ये एका वापरकर्त्याच्या विंडोज संगणकावरून २५,००० बिटकॉइन गेले. तेव्हाच्या भावाने सुमारे पाच लाख डॉलर. फाइलला पासवर्ड घालायची सोय अधिकृत प्रोग्रॅममध्ये आली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. तरी प्रश्न उरलाच. सही करायची तर पासवर्ड टाकायचा, आणि संगणकात व्हायरस असेल तर तो नेमकी त्याच क्षणाची वाट बघत बसलेला.

मार्च २०१२ मध्ये एका होस्टिंग कंपनीचे सर्व्हर फोडले गेले. त्यात चेक प्रोग्रॅमर मारेक पालातिनुस यांचे सुमारे ३,००० बिटकॉइन गेले. बिटकॉइनचा पहिला मायनिंग पूल (नवे बिटकॉइन मिळवायला एकत्र आलेल्या संगणकांचा गट) चालवणारा हा माणूस. म्हणजे नवशिक्या नव्हे. पुढे त्यांनी आणि पावोल रुस्नाक यांनी प्रागमध्ये सातोशीलॅब्स ही कंपनी काढली आणि २०१४ मध्ये ‘ट्रेझर’ बाजारात आणलं. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ तिजोरी. आगाऊ नोंदणीत प्लास्टिकच्या ट्रेझरची किंमत होती एक बिटकॉइन. ज्यांनी तेव्हा ती भरली त्यांना आज कुणी हिशेब विचारू नये.

ट्रेझरची कल्पना सोपी होती. संगणक व्यवहाराचा मसुदा तयार करून यंत्राकडे पाठवतो. यंत्र आपल्या छोट्या स्क्रीनवर रक्कम आणि पत्ता दाखवतं. तुम्ही वाचता, बटण दाबता, सही आतच होते आणि फक्त सही बाहेर येते. किल्ली बाहेर येतच नाही. संगणक कितीही बरबटलेला असला तरी त्या स्क्रीनवर त्याला काही खोटं लिहिता येत नाही. सगळी भिस्त या एका तुकड्यावर आहे. पॅरिसच्या लेजर कंपनीने स्मार्टकार्डसारखी सुरक्षित चिप वापरली, सिमकार्डात आणि बँकेच्या कार्डात असते त्या जातीची. पण २०१४ च्या तिच्या पहिल्या नॅनोला स्क्रीनच नव्हता. २०१६ च्या नॅनो एसमध्ये तो आला आणि मग ते यंत्र खरं खपलं.

त्याच काळात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ग्राहकांच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवणारं टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचं ठिकाण, बुडालं. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. त्यातले दोन लाख नंतर सापडले. आपली किल्ली दुसऱ्याकडे ठेवू नये, हे लोकांना पटवायला वेगळ्या जाहिरातीची गरज उरली नाही.

आता ते कार्ड. अवाढव्य आकडा माणसाला चूक न करता लिहिता येत नाही, म्हणून २०१३ मध्ये एक मानक ठरलं. ते लिहिणाऱ्यांत पालातिनुस आणि रुस्नाकही होते. २,०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची यादी, ‘अबॅन्डन’पासून ‘झू’पर्यंत, आणि आकडा त्यातल्या चोवीस शब्दांत मांडायचा. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी, त्यामुळे गिचमिड अक्षरातूनही शब्द ओळखता येतो. शेवटच्या शब्दात पडताळणीचा भाग मिसळलेला असतो, म्हणून कुठलेही चोवीस शब्द ठोकून दिले तर यंत्र बहुधा नाकारतं. क्रम मात्र चुकता कामा नये. याद्या जपानी, कोरियन, चेक अशा भाषांतही आहेत. मराठीत नाही, हिंदीतही नाही. त्यामुळे आपल्याकडे आजोबांनी कार्ड जपून ठेवलं तरी नातवाला ते इंग्रजी स्पेलिंगासकटच वाचावं लागणार.

हे शब्द म्हणजेच किल्ली. नुसते पाहिले तरी पुरे. पुण्यातल्या गेनबिटकॉइन या गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. तपासात हाती आलेल्या वॉलेटमधलं क्रिप्टो परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. पंचनामा करून कपाटात सील करायची वस्तू ही नव्हे. जप्तीच करायची तर सगळी रक्कम ताबडतोब नव्या किल्लीखाली हलवावी लागते.

चोरांनीही मग यंत्र सोडून शब्दांचा माग धरला. २०१८ च्या सुरुवातीला एक प्रकरण गाजलं. ऑनलाइन बाजारातून कुणाकडून तरी घेतलेल्या लेजरसोबत एक सुबक स्क्रॅचकार्ड आलं होतं : खरवडा आणि आपले चोवीस शब्द मिळवा. माणसाने खरवडलं, त्याच शब्दांवर वॉलेट सुरू केलं, पैसे भरले. शब्द विकणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक होते. खरं यंत्र शब्द तिथल्या तिथे स्वतः तयार करतं, एकेक करून आपल्याच स्क्रीनवर दाखवतं. छापून येतात ते शब्द चोराचे. सूचनांमधली ‘यंत्र थेट कंपनीकडून घ्या’ ही ओळ तिथून आली.

२०२० मध्ये लेजरची ग्राहकयादी फुटली आणि डिसेंबरात सुमारे २,७२,००० जणांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. किल्ल्या सुरक्षित होत्या, पण कुणाच्या घरी किल्ली आहे ते कळलं. काहींना पुढे टपालाने ‘बदली यंत्रं’ आली, जुने शब्द यात टाका अशा पत्रासह. ती यंत्रं अर्थातच बनावट.

यंत्र हातात पडलं तर? जानेवारी २०२० मध्ये क्राकेन एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने दाखवून दिलं की ट्रेझर पंधरा मिनिटं ताब्यात असेल तर चिपला विजेचे नेमके झटके देऊन शब्द काढता येतात. त्यावर उपाय म्हणजे शब्दांच्या जोडीला स्वतःचा एक जादा परवलीचा शब्द, जो यंत्रात साठवलाच जात नाही. तो विसरलात तर मात्र तुम्हीही बाहेर. वेगळी सुरक्षित चिप ट्रेझरने २०२३ च्या सेफ ३ मध्ये घातली. त्याच वर्षी लेजरने शब्दांचे तीन तुकडे करून तीन कंपन्यांकडे ठेवायची ऐच्छिक सेवा जाहीर केली आणि ग्राहक खवळले. किल्ली यंत्राबाहेर जाऊच शकत नाही, अशी त्यांची समजूत होती. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातला मूळ प्रोग्रॅम, बदललं की जाऊ शकते, हे तेव्हा चर्चेत आलं. त्यांचा राग मला रास्त वाटतो, जरी कार्ड हरवणारे लोक चोरी होणाऱ्यांपेक्षा कमी नसावेत.

भारतात एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तो पैसा एक्स्चेंजवर असो वा कपाटातल्या यंत्रावर, सुटका नाही. एक्स्चेंजवरचा विश्वास उडाला तो १८ जुलै २०२४ ला. मुंबईच्या वझीरएक्सचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले, आणि ग्राहकांचं क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकलं. गंमत म्हणजे सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटच होती, एकाची नव्हे तर अनेकांची सही लागत होती. संगणकावर दिसत होता नेहमीचा व्यवहार. सही झाली ती भलत्याच मजकुरावर. २१ फेब्रुवारी २०२५ ला दुबईच्या बायबिट एक्स्चेंजचे चार लाखांवर इथर (इथेरियम या दुसऱ्या खातेवहीचं चलन) असेच गेले, जवळपास दीडशे कोटी डॉलरचे. एफबीआयने बोट दाखवलं उत्तर कोरियाकडे.

किल्ली दोन्हीकडे यंत्रातच राहिली. पण बिटकॉइनचा व्यवहार म्हणजे एक पत्ता, एक रक्कम; वाचता येतो. इथेरियमवर सही होते ती एखाद्या कराराच्या, म्हणजे खातेवहीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आज्ञेवर, आणि यंत्र तिची आकडे-अक्षरांची न कळणारी लांबलचक माळ दाखवून ‘मंजूर?’ विचारतं. लोक मंजूर करतात. कंपन्या आता मोठे टचस्क्रीन देताहेत आणि ती आज्ञा माणसाच्या भाषेत दाखवायची धडपड करताहेत. पहिल्या ट्रेझरचा स्क्रीन १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा होता. एक पत्ता आणि एक रक्कम दाखवायला तेवढा पुरत होता.